स्टेपनीची जागा

ज्या गाडीत स्टेपनी नाही तिला मी गाडी म्हणत नाही. मग तिच्या नाकावर कोणत्याही परदेशी कंपनीचं चिन्ह असो, की तिचा मालक उतरताना आधी गॉगल आणि मग पाय बाहेर काढो. चार चाकं जमिनीवर आणि पाचवं कुठेच नाही, अशा वाहनात बसून जो माणूस अड्याळच्या रस्त्याला लागतो, त्याचा एक तर देवावर फार विश्वास असतो, नाही तर त्याच्याकडे अक्कल अजिबात नसते. मला दोन्ही प्रकारची गिऱ्हाइकं भेटली आहेत.

भंडाऱ्याजवळ शहापूरला हायवेच्या कडेला माझं टायरचं दुकान होतं. होतं म्हणजे आजही आहे, पण आता ते भाचा चालवतो आणि मी बाकड्यावर बसून त्याच्या चुका काढतो. भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा झाला त्या सुमारास मी दुकान टाकलं. तेव्हा एक कॉम्प्रेसर, पंक्चर पाहायला पाण्याचं टाकं, टायर उचकायच्या दोन टॉमी आणि मी, एवढाच बारदाना होता. पुढे रस्ता रुंद झाला, टायर उतरवायची मशीन आली, चाकाचा तोल पाहणारी मशीन आली. गिऱ्हाईक मात्र होतं तसंच राहिलं.

संपादक म्हणाले, "टायरच्या धंद्यातले अनुभव लिहा, दिवाळीत वाचकांना गंमत वाटेल." या वाचकांपैकी किती जणांनी आपल्या स्टेपनीतली हवा यंदा तपासली आहे, हे मला आधी विचारायचं आहे. कोणीही तपासली नसणार. ती डिकीत तोंड लपवून बसलेली असते आणि नेमकी गरज पडते तेव्हा तीही बसलेली निघते. मग माणूस माझ्या दुकानात येऊन माझ्यावरच डाफरतो.

तर ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. साध्या टायरमध्ये गाडीचं वजन टायर उचलत नाही, आतली हवा उचलते. टायर म्हणजे नुसती पिशवी. हवा गेली की टायरची बगल दुमडते, रिम तिच्यावर बसते आणि थोडं अंतर जात नाही तोच तिला कापून काढते. रनफ्लॅट टायरची बगल जाड आणि कडक असते. हवा गेली तरी ते ताठ उभं राहतं आणि हळू चालवलं तर पुढच्या दुकानापर्यंत पोचवतं. त्याचं काम तेवढंच. पण ही सोय आहे म्हणून कंपनी अशा गाडीत स्टेपनी देत नाही, जॅक देत नाही, पाना देत नाही. डिकीत जिथे चाकाचा खड्डा असायचा तिथे सपाट गालिचा घालते आणि मालक तो गालिचा पाहुण्यांना उघडून दाखवतो.

आता हवा गेलेलं रनफ्लॅट ताठच दिसत असल्यामुळे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. म्हणून स्टिअरिंगसमोर एक पिवळा दिवा दिलेला असतो. हवा कमी झाली की तो पेटतो. हे दिव्याचं शास्त्र मी आमच्या भागातल्या एका ठेकेदाराला समजावून सांगत होतो. त्याची गाडी दुकानात आली तेव्हा मागच्या चाकातून जळक्या रबराचा वास येत होता.

"ठेकेदारसाहेब, समोर दिवा पेटला नव्हता का?"

"पेटला होता ना. लय दिवस झाले. डोळ्यात जाते म्हणून बायकोनं त्याच्यावर टिकली लावून देल्ली."

मी वाकून पाहिलं. खरंच, दिव्यावर मरून रंगाची टिकली होती. टायर रिमवरून उतरवलं तर आतून रबराचा भुगा सांडला, चहापत्तीचा डबा उपडा करावा तसा. ठेकेदार म्हणाला, "पण चाललं ना? कंपनी म्हणते हवेशिवाय चालते." मी म्हटलं, "माणूसही जेवल्याशिवाय चालते साहेब, पण कुठवर?" तो हसला. मी हसलो नव्हतो. त्यानंतर त्याने माझ्या दुकानात यायचं सोडलं, हे एक बरं झालं.

या टायरांचा दुसरा गुण म्हणजे कडकपणा. ताठ बगल खड्ड्याचा दणका पोटात ठेवून घेत नाही, सरळ सीटपर्यंत पोचता करते. ज्या देशात ते तयार झाले तिथले रस्ते म्हणे टेबलासारखे असतात. आपल्याकडे टेबलसुद्धा एका पायाने डुगडुगतं. त्यामुळे नव्याची नवलाई संपली की निम्मे मालक कंबर धरून येत आणि म्हणत, "हे काढा, साधे लावा." त्यात काही चपला बदलाव्यात तसं दोन बदला म्हणत, दोन पुढच्या वर्षी पाहू. एका गाडीला दोन कडक आणि दोन मऊ टायर लावून घाटात वळण घ्यायची ज्याला हौस आहे त्याने ती दुसऱ्या दुकानात भागवावी.

माझा एक नियम होता. रनफ्लॅट काढून साधे चार हवे असतील तर पाचवं चाक, जॅक आणि पाना घ्यावाच लागेल. पाच नाही तर चार नाही. कारण साधे टायर लावले की पंक्चर झालेली गाडी जागेवर उभी राहते, आणि ती जागा तुम्ही निवडत नसता. यावर गिऱ्हाईक चवताळायचं. डिकीला चाकाचा खड्डाच नाही म्हटल्यावर ते पाचवं चाक सगळी डिकी अडवून बसायचं. "सामान कोठी ठेवू मंग?" असं विचारलं की मी विचारायचो, सामान घरी पोचवायचं आहे की स्वतःला? धंद्याच्या दृष्टीने हे बोलणं बरोबर नव्हतं असं माझी बायको आजही म्हणते.

एक दिवस अशीच एक परदेशी गाडी दुकानासमोर थांबली आणि तिच्यातून बोरकर गुरुजी उतरले. मी पाहतच राहिलो. शहापूरच्या शाळेत त्यांनी मला गणित शिकवलं होतं, म्हणजे त्यांनी शिकवलं होतं आणि मी वर्गाबाहेर उभा होतो. "सुखदेव, तुझ्या डोक्यात नुसती हवा आहे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पुढे जन्मभर मी हवाच भरली, तेव्हा त्यांना भविष्य कळत होतं असं म्हणायला हरकत नाही. निवृत्त होऊन ते त्यांच्या गावी, कोंढ्याला, शेतीवर राहायला गेले होते. सायकलच्या पुढे न गेलेला माणूस या गाडीतून कसा उतरला, हा माझ्यापुढे प्रश्न होता.

गाडी पोराची होती. पोरगा पुण्याला. त्याने नवी घेतली आणि जुनी बापाला पाठवली, शिकवायला ड्रायव्हरही पाठवला. कारण तसंच होतं. गुरुजींच्या बायकोच्या, म्हणजे काकूंच्या, दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा नागपूरला न्यायचं, मशीनवर रक्त शुद्ध करून आणायचं. बसने ते जमेना. मागच्या सीटवर गोधडी अंथरून काकू आडव्या झालेल्या होत्या आणि पुढच्या सीटवर त्यांची धाकटी बहीण सोबतीला होती.

गुरुजींनी मला गाडीपासून बाजूला नेलं.

"सुखदेव, ही गाडी लय कडक आहे रे. माह्यं काही नाई, पण तिले दणके बसतेत. ती काही बोलत नाई, तोंडातून शब्द काढत नाई. पण मले समोरच्या आरशात तिचं तोंड दिसते ना. गाडी मऊ होते का?"

होते म्हटलं. टायर बदलले की अर्धं दुखणं जाईल, म्हणजे रस्त्याचं. आणि पाचवं चाक घ्यावं लागेल.

गुरुजींनी पोराला फोन लावला आणि माझ्या हातात दिला. पोरगा आदबीने बोलत होता, पण त्याच्या आवाजात तो पुण्याचा गुळगुळीतपणा होता, ज्याचा मला पहिल्या वाक्यापासून राग येतो. "काका, मी मुद्दाम हे टायर असलेली गाडी पाठवली. वाटेत पहेला गावापुढे चाक बसलं तर बाबा काय करणार? त्यांना जॅक लावता येतो का? त्यांच्या हर्नियाचं ऑपरेशन झालंय. आईची मशीनची वेळ चुकली तर पाणी अंगात साचतं, श्वास लागतो. थोडे दणके बसू द्या, पण ती पोचली पाहिजे."

मी त्याला काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. पुण्यात बसून कोंढ्याच्या रस्त्याचे दणके "थोडे" ठरवणाऱ्या माणसाला जे म्हणायचं तेच म्हटलं. तेव्हा तो मला मूर्ख वाटला. आज वाटत नाही. दोन्ही गोष्टी एका टायरमध्ये मिळत नाहीत, हे कंपनीने कोणाला सांगितलेलंच नाही.

गुरुजी आणि पोरगा फोनवर एकमेकांना समजावत राहिले. मागचं दार उघडं होतं. काकूंनी मान वर केली.

"दोघंही माह्या नावानं भांडून राहिले, अन् मले कोणी विचारत नाई. बाबू, तू बदलव. पंक्चर होईल तवा होईल. दणके त रोजचेच आहेत."

मी बदलले. रनफ्लॅट रिमवरून उतरवणं म्हणजे रेड्याच्या तोंडातून वैरण काढणं. त्या ताठ बगलांशी मशीनही कुरकुरते, हाताला हिसका बसतो, आणि एवढं करून मालक विचारतो, एवढा वेळ काहून लागला? गुरुजींनी नाही विचारलं. ते काकूंना बाकड्यावर आडवं करून वारा घालत बसले होते. नवे टायर बसवले, हवा मोजून भरली, तोल पाहिला. नागपूरच्या भंगारातून तशीच एक रिम मागवून पाचवं चाक तयार केलं आणि पुढच्या खेपेला डिकीत ठेवलं. जॅक आणि पाना गालिच्याखाली खोचला. डिकी भरून गेली. जुने रनफ्लॅट मी माळ्यावर टाकले.

त्यांची दुसरी खेप झाली तेव्हा काकू उठून बसल्या होत्या. म्हणाल्या, "सरकारनं रस्ता केला वाटते, नाई?" रस्ता होता तसाच होता. गुरुजी आरशात पाहून गाडी चालवत होते, आणि मी त्यांना सांगितलं की कधीमधी रस्त्याकडेही पाहत जा.

मग नियमच झाला. नागपूरला जाताना ते माझ्याकडे थांबत, मी हवा पाहत असे. काकू काच खाली करून काही ना काही बोलत. कार्तिकात धान निघालं तेव्हा त्यांनी बहिणीला सांगून एक पिशवी माझ्यापुढे धरली. नवे तांदूळ होते, चिन्नोर या वासाच्या धानाचे. वास दुकानभर पसरला.

"हे कायले काकू?"

"पयले बंडीच्या चाकाचं आमी वाढ्याले, सुताराले, खळ्यावरून धान देत होतो. आता चाकं तू पायतं."

माझं डोकं फिरलं. आमच्या घरात खळ्यावर जाऊन धान्य घेणं आज्याने सोडलं होतं. छप्पन साली दीक्षा घेऊन आला आणि त्या वर्षीपासून कोणाच्या खळ्याकडे फिरकला नाही. उपाशी झोपला, पण टोपलं घेऊन गेला नाही. ही गोष्ट आमच्याकडे लहान पोरालाही पाठ असते. मी पिशवी परत केली आणि जरा जोरातच म्हटलं, "काकू, मी दुकानदार आहे. बलुतेदार नाही."

बहिणीचं तोंड उतरलं. गुरुजी रस्त्याकडे पाहायला लागले. काकू म्हणाल्या, "खरं आहे तुह्यं. माह्या ध्यानात नाई आलं. मंग तांदूळ नको, जेवाले ये. आमच्यासंगं बसून जेव."

मी येतो म्हटलं. सीझनचे दिवस होते. मंडयांचे, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रांचे दिवस, गावोगावच्या लेकीबाळी माहेरी आलेल्या, पाहुण्यांच्या गाड्यांची रीघ, आणि एकाच्याही स्टेपनीत हवा नाही. जाणं राहून गेलं.

काकूंचं खळ्याचं गणित मात्र माझ्यापाशी थांबलं नाही. जो आपलं काम करतो त्याला नव्या धानातून द्यायचं, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. नागपूरला मशीनवर सुई लावणारी पोरं होती, नर्स होत्या, झाडूवाली होती. काकूंच्या हिशेबाने ते सगळे त्यांचे हक्काचे लोक. त्यांच्यासाठी तांदळाचा एक अख्खा कट्टा, भरलेलं पोतं, न्यायचा म्हणून त्या अडून बसल्या. आता कट्टा ठेवायचा कुठे? पुढे बहीण. मागे त्या स्वतः आडव्या. डिकीत पाचवं चाक.

वाचकांनी ओळखलंच असेल. त्यांनी चाक काढून आंगणात, तुळशीजवळ आडवं ठेवलं आणि त्या जागी कट्टा घातला. एका दिवसाचा तर प्रश्न आहे, असं गुरुजी म्हणाले असणार. गणिताचा मास्तर तो! एका दिवसाचा प्रश्न असतो म्हणूनच तर स्टेपनी असते.

पहेल्याच्या आधी रस्त्याचं काम चालू होतं. फोडलेल्या गिट्टीचा एक धारदार दगड पुढच्या टायरच्या बगलेत घुसला आणि बगल फाडून गेला. रस्त्याला टेकणाऱ्या भागात खिळा घुसला असता तर हवा भरत भरत आलेही असते. फाटलेल्या बगलेला पट्टी लागत नाही. गुरुजींनी मला फोन केला. आवाज कापत होता.

"सुखदेव, चाक बसलं."

"बसू द्या. स्टेपनी काढा. गावातला कोणीही पोरगा लावून देईल."

"स्टेपनी आंगणात आहे."

"कोणाच्या आंगणात?"

"आपल्याच."

"मग डिकीत काय आहे गुरुजी?"

"तांदूळ."

मी फोनवर काय काय बोललो ते संपादक छापणार नाहीत. जॅक आहे, पाना आहे, हर्निया आहे, नुसतं चाक नाही! दुकानात अपघातातल्या एका गाडीची त्याच मापाची रिम पडली होती. तिच्यावर टायर चढवलं, शेजाऱ्याची मालवाहू गाडी घेतली आणि निघालो. रस्ताभर शिव्या देत होतो. गुरुजींना, काकूंना, कंपनीला, गिट्टीला, त्या पुण्याच्या पोराला. त्याला जास्त, कारण त्याने जे सांगितलं होतं ते त्याच शब्दांत समोर आलं होतं. काकूंची मशीनची वेळ निघून चालली होती आणि हे मला घड्याळाकडे न पाहताही समजत होतं.

पहेला दिसायला लागलं आणि मी ब्रेक दाबला. समोरून ती परदेशी गाडी येत होती. बैलबंडीच्या चालीने, रस्त्याच्या एका कडेने, एकीकडे जरा कलती. पुढे एक म्हातारा शेतकरी फडकं हलवत रस्ता मोकळा करत चालला होता. मागे ट्रॅक्टर. आणि पुढच्या चाकाच्या फाटलेल्या बगलेतून पिवळंधमक तणस, धानाचा पेंढा, बाहेर आलेलं, दाढीसारखं.

झालं होतं असं की रस्त्यालगतच्या खळ्यावर धानाचा चुरणा, म्हणजे मळणी, चालू होता. लोक धावत आले. आमच्या झाडीपट्टीत एक जुनी रीत आहे, सायकलचं किंवा जुन्या जीपचं चाक आडरानात बसलं की टायरमध्ये धानाचं तणस ठासून घर गाठायचं. या बहाद्दरांनी तीच रीत त्या गुळगुळीत, चकचकीत रिमवर चालवली. टायरची कड रिमपासून सुटेना तेव्हा चाक जमिनीवर आडवं टाकून ट्रॅक्टरचं चाक त्याच्या बगलेवर चढवलं. मग लोखंडी सबलीने टायर उचकून त्यात ओलं करून तणस ठासलं, पायाने दाबदाबून. रिमची पार दशा झाली होती. वीस ठिकाणी ओरखडे, एके ठिकाणी कड वाकलेली.

मी खाली उतरलो तो ओरडतच. "हे कोणी केलं? ही काय बंडी आहे? रिम खराब झाली ना!"

फडकंवाला म्हातारा शांतपणे म्हणाला, "रिम पाऊ नको भाऊ. अंदर बाई आहे."

मागची काच खाली झाली. काकूंचा चेहरा सुजल्यासारखा दिसत होता, श्वास जड होता, आणि त्या हसत होत्या.

"बाबू, खरं सांगू? तुह्या टायरापेक्षा हे मऊ लागून राहिलं."

मी आणलेलं चाक काढून बदलायला बसलो. नट सोडवताना पाना दोनदा सटकला. राग होता असं तेव्हा वाटलं.

"माह्यावर वरड, बाबू," काकू म्हणाल्या. "चाक मीच काढाले लावलं. ह्यायचं काही चुकलं नाई."

नागपूरला पोचले तेव्हा त्यांची मशीन दुसऱ्याला दिलेली होती. संध्याकाळपर्यंत बसून राहावं लागलं. तोवर श्वास लागला, दोन दिवस त्यांना ठेवून घेतलं. कट्टा मात्र त्या दिवशीच वाटला गेला. खाटेवरून सांगून त्यांनी तो वाटायला लावला, असं बहिणीने मला नंतर सांगितलं.

पोराचा फोन आला. "काका, मी सांगितलं होतं," एवढंच म्हणाला. शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं. मी त्याला विचारलं, जुने टायर परत लावू का? माळ्यावर आहेत. तो म्हणाला, "आईला विचारलं मी. ती नको म्हणते. म्हणते, आता कुठे रस्ता चांगला झालाय."

त्यानंतर स्टेपनी डिकीतून हलली नाही. दर खेपेला गुरुजी न सांगता डिकी उघडून मला दाखवत, वर्गात पोरं हात पुढे करून नखं दाखवतात तशी. मी पाचव्या चाकातली हवा पाहत असे आणि मुद्दाम तोंड वाकडं करून "ठीक आहे" म्हणत असे. काकू काचेतून विचारत, "जेवाले कवा येतं?" मी म्हणत असे, या सीझननंतर.

उन्हाळ्यात काकू गेल्या. मशीनवर नाही, रस्त्यावर नाही, घरी, झोपेत. तेरवीला मी कोंढ्याला गेलो आणि पंगतीत बसून जेवलो. चिन्नोरचा भात होता. शेजारी पुण्याचा पोरगा बसला होता, तो मला वाढत राहिला आणि मी नको म्हणालो नाही. आंगणात तुळशीजवळ मातीत चाकाचा गोल अजून उमटलेला दिसत होता.

पुढे गुरुजींची गाडी हायवेवर दिसेनाशी झाली. कुठे जाणार होते? मी माळ्यावरचे रनफ्लॅट भंगारात दिले. पत्र्याच्या तापाने त्यांच्या बगला तडकल्या होत्या. अमर आहेत म्हणून विकलेली वस्तू माळ्यावर बसल्या बसल्या मेली, याचा मला आनंद झाला नाही असं कोणी म्हणू नये.

पुन्हा कार्तिक आला. पुन्हा पाहुण्यांच्या गाड्या, पुन्हा हवा नसलेल्या स्टेपन्या, पुन्हा माझा घसा. एका सकाळी बोरकर गुरुजींची गाडी दुकानासमोर लागली. ते एकटेच होते. वाळले होते, पण शर्टाला इस्त्री होती.

"नागपूरले चाललो," म्हणाले. "हवा पाय जरा."

मी सवयीने डिकीकडे गेलो. त्यांनी या वेळी ती उघडून दाखवली नव्हती, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. उघडली. आत तांदळाचा कट्टा. नवा, तोंड सुतळीने शिवलेला. चिन्नोरचा वास आला.

माझं डोकं सणकलं. एवढं सगळं होऊनही! या माणसाने मला भोपळे दिले होते, आता मी त्याला देणार होतो. मी डिकी आपटली आणि पुढे आलो.

"गुरुजी, स्टेपनी कोठी आहे? आंगणात?"

"नाई. गाडीतच आहे."

"कोठी आहे गाडीत?"

त्यांनी मागच्या सीटकडे बोट केलं. मी मागच्या काचेतून पाहिलं. सीटवर काकूंची गोधडी तशीच अंथरलेली होती. तिच्यावर पाचवं चाक आडवं ठेवलेलं होतं, स्वच्छ पुसून, आणि दणक्याने घसरू नये म्हणून गुरुजींनी त्याला सीटचा पट्टा लावला होता.

"आता जागा आहे ना, सुखदेव," ते म्हणाले.

मी हवेचा पाइप ओढत आणला आणि चारही चाकांची हवा पाहिली. मग मागचं दार उघडून पाचव्याचीही पाहिली.